हिवाळ्यातला मोगरा

"चहा म्हन्तात का याले? मले त चिलमीतला चुरा वाटून राह्यला. अन वास पाहा, जसा काई नवरीच्या डोक्यातला गजराच डब्यात कोंबला."

सत्यभामाबाई हे कुणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. थोरल्या सुनेच्या, गोजरबाईच्या, पाठीला पाठ लावून त्या चुलीपाशी शेकत बसल्या होत्या, आणि म्हाताऱ्या माणसाचं पुटपुटणं कानाआधी पाठीलाच ऐकू येतं. तिच्या मांडीवर तो पत्र्याचा डबा होता. डब्यावर लाल रंगात एक पक्षी, आणि खाली गुळावर मुंग्या चालाव्यात तशी अक्षरं. ती वाचणारं उंद्रीत कोण असणार? गावात मोडी वाचणारे दोघं होते, आणि तेही एकमेकांचं वाचलेलं खोटं ठरवण्यात वय घालवत होते.

खरी पंचाईत वासानंच केली होती. कापूस वेचणीचे दिवस. सकाळी बोललं की तोंडातून वाफ निघायची. अंगणातला मोगरा नुसत्या काड्या होऊन उभा होता. आणि डब्याचं झाकण उचललं की घरात वैशाख शिरायचा. गोजरबाईनं कालपासून कितीदा तरी झाकण उघडलं, आणि दर वेळी काहीतरी चोरल्यासारखं पटकन लावून टाकलं.

डबा जहांगीरनं आणला होता. गावातल्या रहेमतुल्ला पिंजाऱ्याचा हा मुलगा कलकत्त्याला एका चिनी माणसाच्या चामड्याच्या गोदामात कामाला होता. बहिणीच्या लग्नासाठी आला. मलकापूरला गाडीतून उतरला, मोताळ्यावरून सर्व्हिस मोटारीनं घाट चढला, आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी ट्रंकेसकट पाटलांच्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

"चहा हाय, दादा," तो गोजरबाईच्या नवऱ्याला, पंजाबरावांना, म्हणाला. "तुमच्या घरी पोचवून दे म्हने."

कोण म्हणे, हे त्यानं सांगितलं नाही. पंजाबरावांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले, आणि मलकापुरात कापसाला काय भाव फुटला ते विचारलं. गोदामातल्या माणसाला कापसाचा भाव काय ठाऊक? तरी त्यानं काहीतरी सांगितलं, पंजाबरावांनी मान हलवली, आणि दोघंही सुटल्यासारखे झाले.

कारण या घरातून एक माणूस नाहीसा झाला होता. पंजाबरावांचा धाकटा भाऊ, उत्तमराव. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात कामाला लागला होता. एका सकाळी कामावर जातो म्हणून निघाला, तो स्टेशनाच्या फलाटावर दिसल्याचं कुणी सांगितलं, आणि पुढं काहीच नाही. भांडण नाही, तंटा नाही, जाताना भाकरीसुद्धा बांधून घेऊन गेला होता. त्याला आता बारा वर्षं होत आली. बारा वर्षं पत्ता नसला तर माणूस गेला असं धरायचं, असं शास्त्र आहे. पळसाच्या देठांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, सुतक पाळायचं. चिखलीच्या भटजींनी येती अमावास्या काढून दिली होती. त्या दिवशी देठांचा उत्तमराव जळणार होता आणि त्याच्या बायकोचं, शालूबाईचं, कुंकू पुसलं जाणार होतं.

तोवर या घरानं मोठ्या घोळात दिवस काढले. पितृपक्षात सत्यभामाबाई उत्तमसाठी एक पान वेगळं वाढायच्या. गेला असला तर पोरगं उपाशी नको. आणि दिवाळीच्या पाडव्याला शालू त्याच्या टोपीला ओवाळायची. जिता असला तर अपशकुन नको. एकच माणूस पितरांतही जेवत होता आणि पाडव्यालाही. कावळासुद्धा गोंधळला होता. एखाद्या वर्षी लगेच शिवायचा, एखाद्या वर्षी भिंतीवर बसून नुसता घराकडं पाहायचा.

आता त्यात हा डबा.

"करून त पाहू," गोजरबाई म्हणाली. डब्याचं काय करावं हे कळत नव्हतं, तेव्हा चहाचं तरी करावं.

तिनं आपल्या रीतीनं केला. चहा या घरात तसा नवाच. मागं चिखलीच्या बाजारात चहावाल्यांनी मांडव घालून फुकट चहा पाजला होता आणि तो कसा करायचा ते ओरडून सांगितलं होतं, तेव्हापासून. पितळी गंजात पाणी, पाण्यात गुळाचा खडा, सुंठ, मग मूठभर पत्ती, आणि चांगला खदखदून वर म्हशीचं दूध. खदखदता खदखदता मोगऱ्याचा वास सुंठेवर चढला, सुंठ मोगऱ्यावर चढली. दूध पडल्यावर रंग आला तो रानातल्या डबक्याचा.

पंजाबरावांनी ओसरीवर एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "याच्यात अत्तर सांडलं काय?"

"नाई."

"मंग मले काऊन लग्नात आल्यावानी वाटून राह्यलं?"

सत्यभामाबाईंनी मात्र सगळा पेला संपवला. तोंड कडू करून, डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. "वंगाळ हाय," म्हणाल्या आणि पेला पुन्हा पुढं केला. गोजरबाईला कळेना, यांना आवडला की नाही. तिनं ओतला.

शालू मागच्या दाराशी कपाशीतला कचरा निवडत बसली होती. तिशी ओलांडलेली, अंगानं वाळलेली, पण कपाळावर कुंकू रुपयाएवढं. गेल्या महिन्यापासून ते आणखी थोरलं होत चाललं होतं. गोजरबाईच्या ध्यानात आलं होतं; बोलली नव्हती. या घरात तिला बोलायला, हसायला, सासूच्या चाली काढून दाखवायला हीच एक होती. अमावास्येनंतर हिला घेऊन कुणाच्या हळदीकुंकवाला जाता येणार नव्हतं. ही मागच्या दारी बसणार, आणि आपण एकटीनं लुगड्याची घडी मोडून जायचं. हा विचार आला की गोजरबाई दुसरं काहीतरी काम काढायची.

"घे," तिनं शालूपुढं पेला धरला.

"काय हाय?"

"तोच. डब्यातला."

शालूनं वास घेतला. तेवढ्यात शेजारची झुंबरबाई विरजण मागायला आली आणि वासाच्या मागावर सरळ आत शिरली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं हनुवटीला बोट लावलं.

"फुलाचा हाय म्हन्ता? मंग शालूनं पेवा का नाई पेवा?"

"काऊन?"

"आता चार दिवसांनी तिले फुलं बंद. डोक्यात चालत नाईत हे त झालंच. पोटात चालतात का नाई, हे इचारलं का भटजीले?"

गोजरबाईचा हात तसाच राहिला. हे खरंच कुणी विचारलं नव्हतं. आणि आज चालतं की आजपासूनच बंद करायचं? माणूस गेला तो बारा वर्षांपूर्वी गेला, की अमावास्येला जायचा आहे? आणि अमावास्येला गेला असं धरलं, तर हा डबा कुणी—

तिनं विचार तिथंच तोडला, दोऱ्याला गाठ पडली की दातानं तोडावा तसा.

"चार दिवस हायत ना अजून," शालू म्हणाली. "तवरक पेऊन घेतो. मंग भटजी म्हनतीन तं उलटी करीन."

झुंबरबाई हसली, मग हसावं का असं वाटून थांबली, आणि विरजण न घेताच गेली. शालूनं घोट घेतला.

"कसा लागते?" गोजरबाईनं विचारलं.

"चहाचं इचारता का अजून कायचं?"

"चहाचं वं."

"कडू हाय," शालू म्हणाली, आणि पुन्हा कापसाला लागली.

दुपारी पंजाबरावांनी जहांगीरला बोलावणं धाडलं. चहा कसा करतात ते विचारायला, असं म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं. सत्यभामाबाई, ज्या एरवी दुपारी झोपायच्या, त्या उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसल्या. गोजरबाई उंबऱ्यावर. शालू कवाडाआड, भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, ती लग्नापासून कधी आली नव्हती आणि त्यांच्या कानावर पडेल असा शब्द तिनं कधी काढला नव्हता. तिच्या बांगड्यांवरून ती तिथं आहे एवढं कळायचं.

जहांगीर ओसरीच्या टोकाला बसला. करडा कोट, पायात बूट, पण बूट काढून बाजूला ठेवले होते आणि त्यांच्याकडंच पाहून बोलत होता.

"उकळला काय, वहिनी?"

"उकळल्याबिगर चहा होते कुठी?"

"दूध?"

"म्हशीचं."

जहांगीरनं डोळे मिटून घेतले. "पानी उकळाचं," तो म्हणाला, "अन खाली उतरवाचं. त्याले जरासा दम खाऊ द्याचा. मंग पत्ती टाकाची, चिमूटभर. वर झाकन. गूळ नाई, दूध नाई, सुंठ त नाईच नाई."

"मंग चहा कायचा?" सत्यभामाबाई आतून म्हणाल्या.

"अन पितळेत नाई कराचा. चिनी मातीत."

चिनी मातीच्या कपबशा या घरात दोन होत्या, आणि दोन्ही ओसरीवरच्या कोनाड्यात. एक सरकारी पाहुण्यांची, एक रहेमतुल्लाच्या घरच्यांची. ज्यानं प्यावं त्यानंच विसळून उपडी ठेवावी, अशी चाल होती. त्या कपबशा उंबऱ्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. गोजरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. पंजाबराव बिडी शोधायला लागले.

"आन त्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, त्या..."

"चहाच पाहाचा हाय ना? मंग आन."

गोजरबाईनं कपबशा आत आणल्या. पाणी उकळलं, उतरवलं. चुलीतून लाकडं ओढली. जहांगीर बाहेरून सांगत होता, ती ऐकून करत होती. किती वेळ झाकून ठेवायचं, तर पंजाबरावांची एक बिडी ओढून होईस्तोवर. त्यांनीही ती नेहमीपेक्षा सावकाश ओढली. झाकलेली बशी उचलली तर आत पानं उलगडली होती. सकाळचा तो चिलमीतला चुरा, त्याची खरीखुरी हिरवी पानं झाली होती, लांब, टोकदार, जशी काही आत्ताच झाडावरून पडली. पाणी मात्र फिकट, हरभऱ्याची डाळ धुतल्यासारखं. तिनं ते दुसऱ्या कपात गाळलं.

"पह्यले कोन?" तिनं विचारलं. पंजाबराव बिडीच्या थोटकाकडं पाहत होते.

"दे इकडं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

म्हातारीनं मुसलमानाच्या कपाला तोंड लावलं, आणि बाहेर आभाळ जागच्या जागी होतं. दोन घोट घेऊन त्यांनी ओठ पदरानं टिपले. मग कप गोजरबाईकडं आला.

पहिल्या घोटाला तिला वाटलं, फसवलं. हे तर भांडं विसळल्याचं पाणी. ना गोड, ना तिखट. थोडी ओल्या गवताची चव. तिनं गिळलं, आणि गिळून झाल्यावर, तोंडात काही उरलं नाही तेव्हा, घशाच्या मागून मोगरा वर आला. दात, जीभ, टाळू, सगळीकडं. चहा तर पोटात गेला होता. मग हा वास कुणाचा? तिनं पुन्हा एक घोट घेतला. घेताना काही नाही, गेल्यावर सगळं. असलं पेय तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं कवाडाआड हात नेला, आणि शालूनं कप घेतला.

"यात फूल त एक दिसत नाई," पंजाबराव म्हणाले. त्यांनी डब्यात नाक घातलं होतं. कप मात्र मागितला नव्हता.

"रातच्याले पत्तीत कळ्या पसरतात, दादा. रातभर त्या फुलतात, पत्ती वास पेते. पहाटे फुलं वेचून फेकून देतात."

"फेकून?"

"हाव. त्याइचं काम झालं ना."

कवाडाआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

मग सगळ्यांनाच बोलावंसं वाटायला लागलं. पंजाबरावांनी कलकत्त्याच्या ट्रामगाडीचं विचारलं. गोजरबाईनं तिथल्या बायका मासे रोज खातात का ते विचारलं. चिनी लोकांची शेंडी, हुगळीचं पाणी, तिथं ज्वारी मिळते का. जहांगीरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. विचारायची ती एक गोष्ट सोडून कलकत्त्यातलं सगळं विचारून झालं. गोजरबाईच्या मनात आलं, आपण सगळे विहिरीच्या काठानं फिरून राहिलो, आणि आत कोणी डोकावत नाही. विचारलं तर उत्तर येईल. आणि आलेलं उत्तर या घरात ठेवायचं कुठं?

"हा चहा तिथं रोज पेतात का रे, बाप्पा?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"रोज, मावशी."

"यानं मानूस वायते का?"

"नाई. चांगली तब्येत राह्यते."

"भूक मरत नाई?"

"नाई."

"अन खोकला असला त? खोकल्याले चालते का?"

घरात खोकला कुणाला आहे, ते गोजरबाईला आठवेना. मग आठवलं. जिनातली कापसाची धूळ छातीत जाऊन उत्तमराव दर हिवाळ्यात रात्रभर खोकायचा. ती ओव्याची पुरचुंडी शेकून द्यायची. आठवलं नसतं तर बरं, असं तिला झालं.

"चालते ना," जहांगीर म्हणाला. ओसरीवरची घडी आता निवांत झाली होती, आणि चहाच्या गोष्टी सांगता सांगता तो सैल झाला होता. "खोकला त आता साफ गेला, मावशी."

बोलून झालं, आणि त्यानं मान खाली घातली.

सत्यभामाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि बोटाला गुंडाळत राहिल्या. पंजाबरावांनी विझलेली बिडी तोंडात धरून ओढली. आता कुणीतरी काहीतरी बोललं पाहिजे. आणि या घरात असल्या वेळी बोलायचं काम नेहमी गोजरबाईकडंच येई.

"तुले रे, हे कराले कोनं शिकवलं इतकं?" ती म्हणाली. चहाचं विचारलं तिनं. चहाशिवाय दुसरं काही सुचलंच नाही.

"त्याइच्या घरी..." जहांगीर म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "तिकडं समदेच करतात."

गोजरबाईला वाटलं, आपलीच जीभ झडावी.

पंजाबराव उठून उभे राहिले. धोतर झटकलं. "उकंडराव गड्याले सांगतलं मी," ते कुणाकडंही न पाहता म्हणाले. "पळसाचे देठ उद्या आनून टाकते तो. भटजीले अमावास्येच्या सकाळीच बोलावलं. दर्भ, तीळ, जवाचं पीठ, समदं घरात हाय. तू काय म्हन्ते, माय?"

गोजरबाई नवऱ्याकडं पाहत राहिली. वाईट माणूस नव्हता तो. भाऊ नाहीसा झाला तेव्हा महिनाभर स्टेशनं पालथी घातली होती त्यानं. पण मेलेला भाऊ गावात सांगता येतो. चार माणसं येऊन बसतात, हात धरतात, डोळे पुसतात. दुसरं जे काय होतं, ते सांगितलं तर कोण येऊन बसणार, आणि बसून काय म्हणणार?

"हाव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आनू दे. पोराले गती भेटली पायजे." आणि शालूच्या हातून परत आलेल्या कपात तळाशी राहिलेला घोट त्यांनी हळूच पिऊन टाकला.

"दादा," जहांगीर उठला. "ते देठ..."

"काय?"

जहांगीरनं पंजाबरावांकडं पाहिलं, मग म्हातारीकडं, मग बुटांकडं. "काई नाई. पळस ओला राह्यते या दिवसांत."

"वाळवून घेऊ," पंजाबराव म्हणाले.

जहांगीरनं एक बूट पायात घातला. दुसरा घालायला वाकला. आता तो जाणार होता, परवा हळद, मग निकाह, मग मलकापूर, मग कलकत्ता. आणि अमावास्येला देठांचा माणूस पेटणार होता. गोजरबाईला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. शालूचं कुंकू राहावं, हे तिला हवं होतं. पण कुठल्या नावाचं राहावं? पुसलं तर लोक हिला पाटावर बसवून रडणार. राहिलं तर हिच्या पाठीमागं हसणार. यातलं बरं कोणतं, हे गोजरबाईला कुणी विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात तिच्या खांद्याला लुगडं घासून गेलं. शालू कवाडाआडून बाहेर आली होती. ती उंबरा ओलांडून ओसरीवर उभी राहिली, भासऱ्यांच्या समोर, डोक्यावरचा पदर जागच्या जागी. पंजाबरावांनी चाल म्हणून तोंड भिंतीकडं वळवलं. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती. ती सासूकडं पाहत होती, आणि तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, भाकरी झाल्या म्हणून सांगावं तसा.

"आत्याबाई, देठ नका आनू. ते जिते हायत. तिथं त्याइचं घर हाय, अन त्याइले आपल्याकडं याचं नाई."